चुकणारे मूल
(मंडळाच्या कासा येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच आपल्या सर्वांच्या साक्षीने पार पडला. त्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु मला बोलावयाचे आहे ते या व्यासपीठावर न आलेल्या मुलांविषयी. गणितात मागे पडले, शास्त्र डोक्यात शिरत नाही, म्हणून ज्यांना घरीदारी 'मठ्ठ' म्हटले जाते, त्यांच्याविषयी.

प्रथम माझाच एक अपराध सांगतो. नोकरीच्या आरंभी माझ्या वर्गात एक मुलगा होता. 'पंचवीस' म्हटले की तो पाटीवर ५२ लिही. मी समजावले, रागावलो, शेवटी छडी उगारली. पुढील वर्षी तो शाळेत आला नाही. पुष्कळ वर्षांनी माझ्या ध्यानात आले की, त्या मुलाने नीट ऐकले होते. 'पंचवीस' या शब्दात पाच आधी येतात, वीस मागून. त्याने ऐकले त्याच क्रमाने लिहिले. 'एकोणतीस' तर याहून कठीण. तेथे तीस ऐकू येतात आणि लिहावयाचे असतात २९. चिनी भाषेत पंचविसाला 'दोन दहा पाच' अशा अर्थाचे शब्द आहेत. अशा भाषांतील मुलांना दशक व एकक यांचा उलगडा लवकर होतो, असे संशोधकांना आढळले आहे. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत दिली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला! गणित समितीच्या अध्यक्षा कै. मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण परोपरीने समजावून सांगितली. ती पद्धत कोणाला रुचो वा न रुचो, अडचण मात्र खरी होती.

मुले कशी शिकतात, हा आज स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला आहे. स्विस शास्त्रज्ञ झां पियाजे (१८९६–१९८०) तरुणपणी पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापनाच्या चाचण्यांवर काम करीत होते. बरोबर उत्तरांपेक्षा चुकीच्या उत्तरांनीच त्यांचे लक्ष वेधून घेतले. एका वयाची मुले एकाच तऱ्हेने चुकतात, तेव्हा त्या चुकीमागे काही विचार असला पाहिजे, हे त्यांनी ताडले. पुढील संशोधकांनी हाच धागा धरला. एकचतुर्थांशापेक्षा एकपंचमांश मोठा, असे पुष्कळ मुले सांगतात. कारण चारांपेक्षा पाच मोठे, हा नियम त्यांनी पूर्वी खराच शिकलेला असतो. पृथ्वी गोल आहे असे शिकविल्यावर काही मुले पोकळ चेंडू कल्पितात आणि माणसे आत सपाट जमिनीवर राहतात असे मानतात. पायाखालची जमीन सपाट दिसते आणि गुरुजी तर गोल म्हणतात. मग या दोहोंचा मेळ बालबुद्धी आपल्या परीने घालते. असा मेळ घालणाऱ्या मुलाला आपण मंद कसे म्हणावे?

ब्राझिलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. एका नारळाचे ३५, तर दहांचे किती, असे विचारता एक बारा वर्षांचा मुलगा म्हणाला की, तिनांचे १०५, आणखी तीन मिळून २१०, मग ३१५, आणि शेवटी ३५०. बाजारात या मुलांची शंभरात अठ्ठ्याण्णव उत्तरे बरोबर आली. तसलीच आकडेमोड कागदावर दिली तेव्हा शंभरात सदतीसच. येथून जवळच विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा चैत्री पौर्णिमेपासून भरते. तेथे दुकानावर बसून अचूक सुटे पैसे परत करणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. तीच मुले वर्गात फळ्यापुढे गप्प उभी राहतात. हिशेब त्यांना येतो. आपण तो त्यांच्या ओळखीच्या रूपात विचारीत नाही.

आपल्या या डहाणू तालुक्याला तर या विचाराचा मोठा वारसा आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ साली ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्याकडे गेली पाहिजे, म्हणून अंगणवाडी निघाली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे व पाने यांवर मुले मोजू लागली. पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापिले. त्याचे पहिले संचालक डॉ. वि. गो. कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, शास्त्राच्या पुस्तकाची जड भाषा सोपी केली की मागे पडलेली मुलेही समजू लागतात, बोलू लागतात. अडथळा कित्येकदा शास्त्राचा नसून शब्दांचा असतो.

आता माता-पित्यांना माझी विनंती. मूल चुकले तर 'किती आले?' असे न विचारता 'कसे केलेस, बाळ?' असे विचारा, आणि त्याचे उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका. आपण स्वतः शिकलेले नसलात तरी हे करता येते. त्याला पदवी लागत नाही, सबुरी लागते. बाजाराचा हिशेब, शेताची मोजणी, स्वयंपाकाचे माप यांत मुलामुलींना बरोबरीने घ्या. आणि शेजारच्या मुलाच्या गुणांशी तुलना कृपा करून टाळा.

मंडळालाही एक सूचना करतो. बक्षिसांचा निधी जरूर वाढवा. परंतु त्यातील थोडा अंश मागे पडलेल्यांच्या संध्याकाळच्या वर्गासाठी ठेवा. आपल्यातील शिकलेल्या तरुणांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी तेथे बसावे आणि शिकविण्यापूर्वी ऐकावे. त्या वर्गाचे दार मात्र केवळ आपल्या ज्ञातीपुरते नसावे. पाड्यावरून येणाऱ्या मुलालाही तेथे जागा असावी. ज्या भूमीत अनुताईंनी आयुष्य वेचले, तेथे याहून कमी शोभणार नाही.

माझ्या वर्गातील तो मुलगा आता वृद्धत्वाकडे झुकला असेल. त्याला 'कसे केलेस?' असे मी कधी विचारले नाही. आपण आपल्या मुलांना ते विचाराल, एवढीच आशा बाळगतो.