साच्यावरचा हक्क



मुक्त संगणक-प्रणालींवरचे हे संमेलन मुंबई-पुण्याऐवजी पेणजवळच्या जोह्यात, मूर्तिकारांच्या गावात, भरले आहे. हा विषय इथे फार फोडून सांगावा लागत नाही. गिऱ्हाईक मूर्ती घेऊन जाते, साचा कारखानदाराकडे राहतो. ज्याच्याकडे साचा, तो मूर्तीचा हात बदलतो, बैठक बदलतो, पुढच्या वर्षी हव्या तितक्या मूर्ती काढतो. आपण पैसे मोजून घेतो ती बहुतेक सॉफ्टवेअर म्हणजे नुसती मूर्ती. लिनक्स या मुक्त प्रणालीबरोबर साचाही, म्हणजे तिचा मूळ कोड, मिळतो आणि तो बदलण्याची लेखी मुभाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला तो याच हक्कासाठी. १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी आपला लिनक्स कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, जगापुढे ठेवला आणि पुढच्याच वर्षी तो ग्नूच्या परवान्याखाली आणला. लिनक्सचे नाव निघाले की लोक आधी ‘फुकट’ म्हणतात. पैसे वाचतात हे खरेच, पण मला मोल आहे ते या हक्काचे.

लिनक्सकडे वळण्याची आज घाई का, तेही सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आपल्या शाळांत, पतसंस्थांत, कारखान्यांत त्याआधीचे कितीतरी लॅपटॉप आहेत आणि ते धडधाकट आहेत. ते भंगारात जाऊ देणे मला मान्य नाही.

कारखान्यातला असा एखादा लॅपटॉप घ्या. चार जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क, त्यात मंडळांच्या ऑर्डरी: किती फुटी मूर्ती, आगाऊ रक्कम किती, कोणत्या टेम्पोत चढवायची. आधी सगळ्या फायलींची प्रत बाहेर काढा. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट सुरू करा. डिस्कला हात न लावता ते चालते, तेवढ्यात वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर तपासून घ्या. प्रिंटरने कागद दिला की निम्मी लढाई जिंकली. त्यानंतर हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा आणि एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. ऑर्डरींचा तक्ता लिबरऑफिस या मुक्त ऑफिस-संचात उघडतो. हिशोब टॅलीत असेल, किंवा डिजिटल सहीचे टोकन नव्या प्रणालीत चालत नसेल, तर तेवढा एक संगणक विंडोजवरच राहू द्या. हट्टापायी कुणाचा धंदा अडवायचा नाही.

खरी अडचण येते ती मराठीची. डीटीपीवाल्यांनी वर्षानुवर्षे श्रीलिपीसारख्या फॉन्टांवर आपली पत्रके, स्मरणिका, पावतीपुस्तके छापली. त्या जुन्या फायलींत आपली अक्षरे दुसऱ्याच चिन्हांच्या जागी साठवलेली असतात. फॉन्ट गेला की पडद्यावर रोमन चिन्हांची खिचडी दिसते आणि माणूस लिनक्सला दोष देतो. दोष बंद साच्याचा आहे: मजकूर आपला, पण वाचायची सोय दुसऱ्याच्या हाती. अशा फायली रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणाव्यात आणि मग डोळ्यांखालून घालाव्यात, कारण जोडाक्षरे हमखास निसटतात. पुढचे सारे लेखन युनिकोडमध्ये, इन्स्क्रिप्ट कळफलकावर करावे. त्यासाठी रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये खुले केलेले लोहित फॉन्ट आहेत, मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता आहे. एक बारकी गोष्ट: लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडा. ती निवडली नाही तर काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. अक्षराचे आपले वळण मी क्षुल्लक मानत नाही. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्यांपुढे तर मुळीच नाही.

लिनक्स आपल्या तालुक्यांना नवखे आहे असेही नाही. ई-कोर्ट प्रकल्पात खटल्यांच्या नोंदीची जी प्रणाली तालुका न्यायालयांपर्यंत गेली, ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेने मुक्त सॉफ्टवेअरवर बांधली, आणि न्यायालयांच्या संगणकांसाठी उबुंटू हे लिनक्स निवडले गेले. मोबाइलवर आपली तारीख पाहणाऱ्या पक्षकाराला ती माहिती मुक्त प्रणालीच पुरवते. आणि मोबाइल अँड्रॉइडचा असेल तर त्याच्या आतला कर्नलही लिनक्सच.

गावातही सर्व्हर चालवता येतो; त्यासाठी थंडगार खोली लागते हा समज सोडा. गावच्या वाचनालयात जुना डेस्कटॉप, यूपीएस आणि डेबियन हे लिनक्स एवढे पुरते. डेबियन बसवताना भाषांच्या यादीत मराठी आहे. त्यावर कोहा हे ग्रंथालयाचे मुक्त सॉफ्टवेअर चढवले की ग्रंथसूची तयार करता येते. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयाने २००० साली ते प्रथम वापरात आणले. डेबियनची प्रत्येक स्थिर आवृत्ती सुमारे पाच वर्षे सांभाळली जाते. मात्र तो डबा कोपऱ्यात ठेवून विसरण्यासारखा नसतो. सुरक्षा-दुरुस्त्या वेळच्या वेळी घ्याव्या लागतात, रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर प्रत जायला हवी, आणि ती प्रत परत उतरवून पाहायला हवी. कोकणात पावसाळ्यात वीज कशी जाते ते तुम्हाला सांगायला नको. यूपीएसची बॅटरी संपण्याआधी यंत्र आपोआप बंद होईल अशी मांडणी आधीच करून ठेवा.

हे करायला गावात माणूस लागतो, आणि त्याला मराठीत वाचायला काही लागते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स, लिबरऑफिसचे धडे मराठी आवाजात दिले, हे मोठे काम आहे. पण पेणमधला एखादा प्रिंटर का चालत नाही, हे पेणच्या माणसानेच लिहायचे आहे. आपण शिक्षक आणि लेखक इथे जमलो आहोत ते त्यासाठी. प्रत्येकाने स्वतः सोडवलेली एक अडचण लिहावी: यंत्र कोणते, बिघाड काय, आज्ञा कोणती दिली, पडद्यावर काय उमटले. ते टिपण खुल्या परवान्याखाली द्यावे, म्हणजे रोह्याचा शिक्षक त्यात आपली दुरुस्ती घालू शकेल.

जेवणानंतर शेजारच्या वर्गात पेनड्राइव्ह आणि दोन जुने प्रिंटर मांडले आहेत. आपापले लॅपटॉप घेऊन या. पहिली टिपणे आजच लिहून घेऊ.