सीमारेषेबाहेरचं करिअर

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून खांद्यावर किट अडकवून पहाटेची लोकल गाठणारी मुलं आपण नेहमी पाहतो. त्यातली मोजकीच नामवंत खेळाडू होतात. पण मैदानाला पंच, गुणलेखक, फिजिओ, खेळपट्टी सांभाळणारेही लागतात.

सुधीर नाईक यांचंच बघा. १९७०-७१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईनं रणजी करंडक जिंकला. कसोटी सामने मात्र वाट्याला आले अवघे ३. तरी त्यांनी मैदान सोडलं नाही. नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये श्रीरामपूरहून आलेल्या झहीर खानला त्यांनी हात दिला. पुढे वानखेडेची खेळपट्टीही सांभाळली. २ एप्रिल २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात झहीरनं पहिल्या ५ षटकांत फक्त ६ धावा दिल्या, त्या याच खेळपट्टीवर!

तुम्हीही जवळच्या क्लबच्या सामन्याला गुणपत्रक घेऊन बसा. दर षटकाअखेर फलंदाजांच्या धावा नि गोलंदाजांचे आकडे जुळवा, शेजारच्या गुणलेखकाशी ताडून बघा. मग पंच किंवा गुणलेखकाच्या परीक्षेची तयारी करा. वेळ पाळणारा, चोख काम करणारा माणूस आयोजक विसरत नाहीत. पहिलं बोलावणं ओळखीनं येईल. दुसरं येतं ते कामामुळेच.