खाली गादी होती म्हणून

धारा काढून झाल्या असतील, भाकरी थापून झाल्या असतील. ज्यांच्या व्हायच्या असतील त्यांनी हातातलं काम चालू ठेवा, कान फक्त इकडे द्या.

मागच्या खेपेला आम्ही गोठ्याच्या स्वच्छतेबद्दल बोललो होतो. आजची गोष्टही गोठ्यातूनच सुरू होते, पण तो गोठा आहे जपानमधला. आणि त्या गोठ्यातून निघालेली मुलगी थेट ऑलिम्पिकच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. तिचं नाव अकियो नोगुची.

ही गोष्ट आत्ताच का, तेही सांगतो. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी यंदा दहावीला गणितात नापास झाली. बैठकीत ताई गप्प गप्प होत्या. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "घरचे म्हणतात, एकदा पडली ना, आता बास झालं शिक्षण." त्याच आठवड्यात आमच्यातल्या एकीच्या मुलानं मोबाईलवर एक खेळ दाखवला. एक बाई भिंतीवर चढते आणि पडते. उठते, हाताला पांढरी पूड लावते, चढते, परत पडते. आम्ही हसलो. म्हटलं, "ही काय सारखी पडतेय!" तो पोरगा म्हणाला, "मावशी, ही चार वेळा जगात पहिली आलीय." मग आम्ही हसायचं थांबवलं आणि तिच्याबद्दल मिळेल ते वाचलं.

आधी हा खेळ समजून घेऊ. त्याचं नाव बोल्डरिंग. बोल्डर म्हणजे मोठा धोंडा. मुळात माणसं रानातल्या धोंड्यांवर चढायची, आता स्पर्धेसाठी तशी भिंत उभारतात. उंची साधारण चार-साडेचार मीटर, म्हणजे आपल्या कौलारू घराच्या आढ्याएवढी समजा. भिंतीवर रंगीत पकडी ठोकलेल्या असतात. कुठली मुठीएवढी, कुठली नुसती बोटाचं पेर टेकेल एवढी, तर कुठली कलिंगडासारखी गुळगुळीत. कमरेला दोर नसतो. खाली मात्र जाडजूड गादी असते. घामानं हात निसटू नये म्हणून ती पांढरी पूड.

भिंतीवरच्या प्रत्येक वाटेला ते लोक 'प्रॉब्लेम' म्हणतात, म्हणजे गणितच म्हणा ना. ते सोडवायला फायनलमध्ये चार मिनिटं मिळतात. त्या वेळात कितीही वेळा पडा, उठा, पुन्हा चढा. वरच्या शेवटच्या पकडीवर दोन्ही हात स्थिर ठेवले की गणित सुटलं. दोघींची बरोबरी झाली तर कुणाला कमी खेपा लागल्या ते बघतात. नुसती ताकद असून भागत नाही. कुठला हात आधी, पाय कुठे, अंग किती झुकवायचं, सगळं डोक्यानं ठरवावं लागतं.

यातली एक रीत आम्हाला फार आवडली. फायनलला स्पर्धक मुलींना एका खोलीत बसवून ठेवतात, म्हणजे दुसरी कशी चढली ते दिसू नये. पण त्याआधी सगळ्यांना एकत्र आणून भिंत दाखवतात. तेव्हा या मुली, ज्या थोड्या वेळानं एकमेकींविरुद्ध चढणार आहेत, शेजारी उभ्या राहून हवेत हात फिरवत एकमेकींशी बोलतात. इथून जाता येईल का, तिथं पाय टिकेल का. चढायचं ज्याचं त्यानं, पण विचार सगळ्यांनी मिळून.

आता अकियोकडे येऊ. तिचा जन्म ३० मे १९८९चा. गाव रियुगासाकी, जिल्हा इबाराकी. टोकियोच्या ईशान्येला हा भाग येतो. घरचा धंदा गुरं पाळण्याचा. लहानपणी ती झाडावर चढायची. आपल्याकडच्या कितीतरी मुली चिंचेवर नि जांभळीवर चढतातच की. अकरा वर्षांची असताना घरची मंडळी सुट्टीला ग्वाम नावाच्या बेटावर गेली. तिथं एक चढायची भिंत होती. पोरगी चढली आणि तिला त्याचं वेड लागलं.

पुढची गोष्ट तिच्या वडिलांची आहे. त्यांनी काय केलं? घरच्या गोठ्याच्या जागेत मुलीसाठी चढायची भिंत उभी केली. जिथं गुरं बांधायची तिथं फळ्या ठोकल्या, पकडी बसवल्या. मैत्रिणींनो, गोठ्यातली जागा मोकळी करून देणं म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला कळणार नाही, आपल्याला कळतं. त्या जागेचा दुसरा उपयोग काय होऊ शकतो, याचा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो. त्या माणसानं ती जागा मुलीला पडायला दिली. हो, पडायलाच. कारण या खेळात चढणं थोडं आणि पडणं जास्त.

२००५ साली जर्मनीत म्युनिकला जागतिक स्पर्धा होती. तिथं दोरावरच्या चढाईत अकियोनं कांस्यपदक मिळवलं. वय वर्षं सोळा, म्हणजे आपल्या दहावी-अकरावीतल्या पोरीएवढं. २००८ साली फ्रान्समधल्या मोंतोबां गावी तिनं बोल्डरिंगच्या विश्वचषकाची फेरी जिंकली. तोवर एकाही जपानी बाईनं अशी फेरी जिंकली नव्हती.

या विश्वचषकाची पद्धत अशी की वर्षभरात वेगवेगळ्या देशांत फेऱ्या होतात, गुणांची बेरीज होते आणि शेवटी जिचे गुण जास्त तिला वर्षाचा चषक. २०१६ आणि २०१७ साली याच्या फेऱ्या आपल्या नवी मुंबईतही झाल्या होत्या. अकियोनं वर्षाचा चषक २००९ला घेतला, २०१०ला पुन्हा घेतला. मग २०११, २०१२, २०१३ अशी सलग तीन वर्षं तो ऑस्ट्रियाच्या ॲना श्टोअर हिच्याकडे गेला.

इथं जरा थांबू या. एकदा नाही, दोनदा पहिली आलेली बाई. त्यानंतर तीन वर्षं दुसरीच कुणी चषक नेते. घरी, गावात लोक काय म्हणत असतील? आपल्याकडे तर म्हणालेच असते, "झालं की आता, दोनदा जिंकलीस, पुरे." पण तिनं सराव सोडला नाही. २०१४ला चषक परत तिच्या हातात, २०१५लाही तिच्याच. एकूण चार वेळा. आणि सगळी कारकीर्द मिळून बोल्डरिंगच्या विश्वचषकाच्या २१ फेऱ्या तिनं जिंकल्या.

पुढे नव्या मुली आल्या. ब्रिटनची शॉना कॉक्सी आली. जपानचीच मिहो नोनाका आली, अकियोहून आठ वर्षांनी लहान. स्लोव्हेनियाची यान्या गार्नब्रेट आली, दहा वर्षांनी लहान. २०१८ साली अकियो एकोणतीस वर्षांची. त्या वर्षी तिनं तीन फेऱ्या जिंकल्या, तरी वर्षअखेरची बेरीज मिहोची जास्त निघाली आणि चषक मिहोला गेला. बचत गटातल्या बायकांना हे समजावून सांगायला नको. एखादीनं तीन महिने भरघोस पैसे भरले आणि दुसरीनं दर महिन्याला न चुकता भरले, तर वर्षाअखेर दुसरीचं पासबुक जड निघू शकतं. अकियो त्या वर्षी दुसरी आली. पण त्याच वर्षी इंडोनेशियात झालेल्या आशियाई खेळांत तिनं सुवर्णपदक घेतलं.

तेवढ्यात एक मोठी गोष्ट घडली. हा चढाईचा खेळ पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये आला, आणि ऑलिम्पिक होतं टोकियोत, तिच्या घरापासून जवळ. २०१९ला जपानमध्येच हाचिओजीला जागतिक स्पर्धा झाली. तिथं ती दुसरी आली आणि तिचं ऑलिम्पिकचं तिकीट पक्कं झालं. तिनं सांगून टाकलं की ऑलिम्पिक ही माझी शेवटची स्पर्धा. आणि मग आला कोरोना. ऑलिम्पिक एक वर्ष पुढे ढकललं. विशीतल्या मुलीला एक वर्ष म्हणजे काही नाही. तिशी ओलांडलेल्या खेळाडूच्या बोटांना, खांद्यांना एक वर्ष फार असतं. तिनं तेही वर्ष काढलं.

६ ऑगस्ट २०२१. फायनल. आठजणी. कोरोनामुळे समोर प्रेक्षक नाहीत. आणि नियम मोठा अवघड होता. तीन प्रकारच्या चढाया एकाच पदकासाठी. पहिली वेगाची, पंधरा मीटर उंच भिंत कोण लवकर चढतं ती. दुसरी बोल्डरिंग. तिसरी दोर बांधून उंच जाण्याची. तिन्हींत जो क्रमांक येईल त्यांचा गुणाकार करायचा. ज्याचा आकडा लहान तो पुढे.

अकियो वेगात चौथी आली. बोल्डरिंगमध्ये, जो तिचा हातखंडा खेळ, त्यातही चौथी. दोरावर पुन्हा चौथी. चार गुणिले चार गुणिले चार, चौसष्ट.

पोलंडची अलेक्झांड्रा मिरोस्लाव वेगात पहिली आली. नुसती पहिली नाही, ६.८४ सेकंदांत चढून तिनं जागतिक विक्रम केला. पण उरलेल्या दोन्हींत ती आठवी. एक गुणिले आठ गुणिले आठ, तेही चौसष्टच! मग पंचांनी पाहिलं की या दोघींत जास्त प्रकारांत पुढे कोण. बोल्डरिंगमध्ये अकियो पुढे, दोरावरही अकियो पुढे. कांस्यपदक अकियोला. सुवर्ण यान्याला, रौप्य मिहोला.

एकाही प्रकारात पहिल्या तिघींत नसलेली बाई पदकाच्या पायरीवर उभी राहिली. वय बत्तीस. शेजारी तिच्याच देशाची, तिच्याहून आठ वर्षांनी लहान मिहो. अकियोनं शब्द पाळला, स्पर्धेतली तिची ती शेवटची चढाई. पुढे तिचं लग्न झालं, चढाईतलाच खेळाडू तोमोआ नारासाकी याच्याशी, आणि ती आईही झाली.

हे सगळं वाचल्यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. एक जण म्हणाली, "जिद्द बघा तिची." बरोबर आहे. पण आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आक्का म्हणाल्या, "जिद्द आपल्या पोरींत कमी आहे का गं? तिच्या खाली गादी होती."

मैत्रिणींनो, आक्कांचं म्हणणं आमच्या डोक्यातून जाईना. भिंत तीच, मुलगी तीच, पण खाली गादी नसती तर पहिल्याच पडण्यात हात मोडला असता, आणि घरच्यांनी म्हटलं असतं, बास झालं. गादी होती म्हणून ती हजारदा पडू शकली. हजारदा पडली म्हणून तिला कळलं की हात कुठे ठेवायचा. पडणं हा तिच्या शिकण्याचाच भाग होता. तिला पडल्याबद्दल कुणी भिंतीवरून कायमचं उतरवलं नाही.

आपल्या मुली मात्र दोराविना आणि गादीविना चढतात. मुलगा नापास झाला तर आपण म्हणतो, "बसेल पुढच्या वेळी." मुलगी नापास झाली की लगेच स्थळं बघायला लागतो. असं आमच्याही घरांत झालंय. आमच्यापैकी दोघींचं शिक्षण असंच एका विषयावरून सुटलं. आज सांगताना वाईट वाटतं, पण लपवून काय करायचं?

तर त्या ताईंच्या लेकीचं पुढे काय झालं? आम्ही तिघी-चौघी त्यांच्या घरी गेलो. भाषण नाही केलं. चहा घेतला आणि तिच्या आजीला अकियोची गोष्ट सांगितली. आजींनी एकच विचारलं, "गुरांची जागा दिली होय बापानं?" थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग तिचे वडील म्हणाले, "फॉर्म भरायची शेवटची तारीख कधी आहे?" पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरला गेलाय. फीचे पैसे गटातून उचल म्हणून दिलेत. शेजारची कॉलेजातली एक मुलगी संध्याकाळी तिच्याबरोबर गणितं सोडवायला बसते. निकाल काय लागेल ते आज सांगता येत नाही. नापास झालीच पुन्हा, तर पुन्हा बसेल, एवढं घरात ठरलंय. आम्हाला तेवढं पुरे आहे.

तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ते मोजून झाले की एक गोष्ट करा. आपल्या गटातल्या कुणाची मुलगी कशात पडली आहे ते विचारा. परीक्षेत, खेळात, शिवणकामाच्या पहिल्या कापडात, कशातही. आणि तिच्या खाली काय घालता येईल ते मिळून ठरवा. एखादीला फी लागेल, एखादीला संध्याकाळचा एक तास घरकामातून सुटका लागेल, एखादीला नुसतं "बस पुढच्या वेळी" एवढं म्हणणारं माणूस लागेल. काय ठरलं ते आम्हाला कळवा, पुढच्या खेपेला इथं वाचून दाखवू.

येतो आम्ही. गाईंना वैरण घालायची राहिलीय. रामराम.