जुन्या गाडीचं गिअर ऑइल बदलायचं की नाही?

मी तुमच्या गटांची सहयोगिनी बोलतेय. आज कर्जाच्या वहीबद्दल नाही, गाडीच्या गिअरबॉक्सबद्दल बोलणार आहे. हसू नका. गेल्या दोन वर्षांत आपल्या भागातल्या बऱ्याच गटांनी मालवाहतुकीसाठी जुन्या गाड्या घेतल्यात. गाडी बंद पडली तर माल घरात राहतो आणि हप्ता काही थांबत नाही.

आपल्यातल्याच एका गटाकडे जुनी ओम्नी आहे. घेतली तेव्हाच ती १,४०,००० किलोमीटर पळालेली होती. कडक भाकरी आणि शेंगा चटणी घेऊन आठवड्यातून तीनदा ती सोलापूरला जाते. जानेवारीत सिद्धेश्वरची गड्ड्याची यात्रा, म्हणजे वर्षातला मोठा धंदा. त्याच्या महिनाभर आधी गाडी सकाळी दुसऱ्या गिअरला अडायला लागली, खर्रर्र आवाज यायला लागला. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, “एवढ्या जुन्या गाडीचं तेल बदलू नका, नवीन तेल घातलं की गिअर सुटायला लागतात.” दुसरा म्हणाला, “पूर्ण गिअरबॉक्स उघडावा लागेल.” एकाचं ऐकावं तर गाडी तशीच, दुसऱ्याचं ऐकावं तर हजारोंचा खर्च.

आधी त्या पहिल्या सल्ल्याचं बघू, कारण तो सगळीकडे ऐकू येतो. त्याचं मूळ ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये आहे. ऑटोमॅटिकमध्ये तेल नुसतं वंगण नसतं. त्याच तेलाच्या दाबावर आतल्या प्लेटा एकमेकींना धरतात. त्या आधीच झिजलेल्या असल्या की गाडी घसरायला लागते, मग कोणीतरी घाईने तेल बदलतं, तरी ती घसरतेच, आणि दोष येतो नव्या तेलावर. आपल्या ओम्नी, इको, पिकअप या हाताने गिअर टाकायच्या गाड्या. त्यांत गिअरबॉक्समधलं तेल फक्त दातांना वंगण देतं आणि थंड ठेवतं. जुनं तेल पातळ होतं, त्यात लोखंडाचा भुगा साठतो. असं तेल काढून नवीन घातल्याने हाताच्या गिअरची गाडी बिघडत नाही. मात्र दवाखान्याच्या किंवा कोणाच्या ऑटोमॅटिक गाडीला हे ऐकून हात लावू नका. बिनक्लचच्या नव्या छोट्या गाड्या येतात, त्यांनाही नको. त्यांचं काम वेगळं आहे.

तेलाकडे जाण्याआधी क्लच बघा. गाडी उभी असताना, इंजिन चालू ठेवून रिव्हर्स टाकताना खरखर होत असेल, तर बहुतेक वेळा क्लच पुरता सुटत नसतो. क्लचची तार ताणून घेतली की काम होतं, आणि ते स्वस्त आहे. या गटाची तार ठीक होती. म्हणून त्यांनी तेल बदलायचं ठरवलं, आणि गाडी चालवणारी ताई म्हणाली, मीच करते.

तेल कोणतं, हे दुकानदाराला विचारू नका, गाडीसोबतच्या पुस्तकात बघा. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन विचारा. डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या. एक जाडी, जसं ७५ डब्ल्यू ८० किंवा ८० डब्ल्यू ९०. दुसरी जीएल-४ की जीएल-५. गिअरबॉक्सच्या आत पितळी कड्या असतात, त्यांच्यामुळे गिअर अलगद बसतो. जीएल-५ मधली काही रसायनं पितळेला खातात, म्हणून पुस्तकात जीएल-४ लिहिलं असेल तर तेच घ्या. “पाच नंबर जास्त भारी” असं कोणी म्हटलं तरी ऐकू नका. ओम्नी आणि इकोत मागच्या चाकांच्या मधे लोखंडी गोळा दिसतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. त्याचं तेल वेगळं असतं, आणि तिथे बहुतेक वेळा जीएल-५ लागतं. दोन डबे आणले तर त्यांवर खडूने खुणा करून ठेवा.

आता जागा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरायचं नाही. विटा किंवा दगड रचूनही नाही. वीट भार सोसतेय असं वाटतं आणि एकदम फुटते. शिवाय एकच बाजू उचलली तर आतलं तेल तिरकं होतं आणि माप चुकतं. या ताईने गावातल्या वॉशिंगच्या पक्क्या रॅम्पवर गाडी चढवली. चारही चाकं सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांमागे लाकडाचे ओंडके. रॅम्प नसेल तर गॅरेजमध्ये जा, पण शेजारी उभं राहून बघा.

आधी दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणा, म्हणजे तेल कोमट होऊन पुरतं वाहतं. फार तापवू नका, सायलेन्सरचा पाइप चटका देतो. पदर खोचून भागत नाही, पंजाबी ड्रेस किंवा घरातला जुना शर्ट घाला. बांगड्या काढा, हातमोजे घाला.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. गिअरबॉक्सला दोन नट असतात. एक खाली, तेल सोडायचा. एक बाजूला वर, तेल भरायचा. आधी वरचा उघडायचा. खालचा उघडून सगळं तेल सांडलं आणि मग कळलं की वरचा गंजून बसलाय, तर गाडी जागेवर अडकली. वरचा सैल झाला की मगच खालचा. तुम्ही खाली झोपलेल्या असता, त्यामुळे फिरवायची दिशा उलटी वाटते. नटाचं डोकं समोर धरून बघा. बरणीचं झाकण जसं उघडतं, तसाच तो उघडतो.

खाली जुनं पातेलं ठेवा, पण ते पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचं नाही. तेल पडू द्या आणि त्याकडे नीट बघा. हा खरा दवाखान्याचा रिपोर्ट आहे. काळं झालं, कुबट वास आला, तर घाबरायचं कारण नाही, ते जुनं आहे एवढंच. खालच्या नटावर चुंबक असेल तर त्यावर काजळासारखा लगदा दिसतो, तोही चालतो. तांदळाच्या कणीएवढे लोखंडाचे तुकडे दिसले तर मात्र आतला दात तुटलाय, मेकॅनिकला दाखवा, दूरचा प्रवास करू नका. तेल दुधाच्या चहासारखं पांढरट असेल तर आत पाणी गेलंय. सीनेच्या पुरात पुलावरून गाड्या काढल्यात ना, त्यांनी हे नक्की बघा.

या ओम्नीच्या नटावर लगदाच निघाला, तुकडा एकही नाही. गिअरबॉक्स उघडायचा खर्च तिथेच टळला. नट पुसून, नवा वायसर घालून खालचा नट बसवला. नरसाळ्याला लांब नळी लावून वरून तेल सोडलं. भरायच्या भोकाच्या काठापर्यंत तेल आलं, बाहेर ओघळायला लागलं, की थांबायचं. ओघळ थांबला की वरचा नट बसवायचा. नट आवळायचा तो हाताच्या जोराने, पान्यावर पाय देऊन नाही. अॅल्युमिनियमचे आटे गेले तर मोठं काम निघतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली पुठ्ठा टाकून थेंब पडलाय का, तेवढं बघा.

फरक पडला का? पडला. खर्रर्र आवाज बराच कमी झाला. थंडीत सकाळी पहिली पाच मिनिटं दुसरा गिअर अजून जड जातो, कारण पितळी कडी थोडी झिजली आहे आणि झिजलेलं पितळ तेलाने भरून निघत नाही. यात्रेचा माल त्याच गाडीतून गेला.

जुन्या तेलाबद्दल एक कळकळीचं. आपल्याकडे हे तेल वाळवी लागू नये म्हणून खांबांना लावतात, जनावराच्या जखमेवरही लावतात. नका लावू. त्यात धातू आणि कातडीला अपाय करणारी द्रव्यं असतात. ओढ्यात, विहिरीजवळ ओतणं तर नाहीच. २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल येतं, ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. मोठी सर्व्हिस सेंटरं ते जमा करून तिकडे पाठवतात, तिथे नेऊन द्या. आणि ते शेंगतेलाच्या रिकाम्या डब्यात कधीच भरू नका. चटणीच्या खोलीत असा डबा चुकून उचलला गेला तर काय होईल, ते मी सांगायला नको. नव्या तेलाच्याच डब्यात भरा, वर मोठ्या अक्षरात लिहा, झाकण घट्ट लावा.

बदलल्याची तारीख आणि किलोमीटर गाडीच्या वहीत लिहा. या गटाने पुढचा आकडा ४०,००० किलोमीटरनंतरचा ठरवलाय. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जो असेल तो धरा. मोठा पाना, नळीचं नरसाळं आणि हातमोज्यांचा जोड ग्रामसंघाच्या खोलीत ठेवला आहे. ज्यांना हवं त्यांनी वहीत नाव लिहून न्या, आणि पुसून परत आणा.