सुट्टीतलं जेवण आणि गव्हाचं पथ्य



मे महिन्याची सुट्टी जवळ आली की घरोघरी गाडीचं आरक्षण आणि उतरायची सोय यांची बोलणी सुरू होतात. जेवणाचं बहुधा कुणी ठरवत नाही. भूक लागेल तिथे थांबायचं आणि समोर येईल ते खायचं. आमच्या घरी मात्र जेवणाचा प्रश्न सगळ्यांत आधी येतो, कारण माझ्या धाकट्या मुलीला सीलिॲक हा आजार आहे. प्रवासात तिला काय खाऊ घालायचं, कुठे आणि कसं विचारायचं, याबद्दल आज बोलणार आहे. असं पथ्य असलेलं एखादं माणूस तुमच्याही घरात असेल, आणि तुम्ही हॉटेल किंवा खानावळ चालवत असाल तर ते कधी ना कधी तुमच्या दारात येणारच आहे.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की सीलिॲक असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती त्याच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. जुलाब, पोटदुखी, रक्तक्षय, मुलांची वाढ खुंटणं असे त्रास सुरू होतात. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो आणि पुष्कळांना तो असल्याचा पत्ताच नसतो. त्यावर औषध नाही; जन्मभर पथ्य पाळायचं, हाच उपाय. आणि पथ्य फार कडक. पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ छापायचं असेल तर एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये, असा आपल्या देशातला नियम आहे. त्यामुळे ताटातली पोळी उचलून बाजूला ठेवली आणि बाकीचं खाल्लं, असं इथे चालत नाही. पोळ्या भाजलेल्या तव्यावर टाकलेली भाकरीही चालत नाही.

हे ऐकून लोक म्हणतात, मग बाहेर खाणं संपलंच की! तसं मुळीच नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ या चारही धान्यांत ग्लूटेन नाही, आणि महाराष्ट्र तर पिढ्यान्‌पिढ्या याच धान्यांवर जगला. सोलापूरकडची ज्वारीची भाकरी, कोकणातले घावणे, उकडीचे मोदक, गोव्यातली शीत-कडी. इतकं सगळं मुळातच गव्हावाचून होतं. अडचण येते ती गहू दुसऱ्याच पदार्थाच्या आड दडून येतो तेव्हा.

त्यात पहिला नंबर हिंगाचा. शुद्ध हिंग फार उग्र असतो, म्हणून बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात डिंक आणि पीठ मिसळतात, आणि ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचंच असतं. हॉटेलातली आमटी, पोहे, सांबार, मठ्ठा, कशात हिंग नसतो? काही हिंगांत तांदळाचं पीठ असतं, पण ते डबीवर वाचल्याशिवाय कळत नाही, आणि ती डबी असते भटारखान्यात. म्हणून मी आधी हिंगाचं विचारते. हिंगाशिवाय जिऱ्या-मिरचीची फोडणी देणं कुठल्याही स्वयंपाक्याला जड नसतं, फक्त पदार्थ ताजा करायला हवा.

थालिपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात बऱ्याच घरी मूठभर गहू असतो. कोंबडी-वड्यांच्या पिठातही काही जण गहू घालतात. डोसा कुरकुरीत व्हावा म्हणून रवा टाकतात. सोया सॉसमध्ये गहू असतो, त्यामुळे चायनीजच्या गाड्यावर नुसता भातही नको. आणि खपलीबद्दल तर मला हात जोडून सांगायचं आहे. सांगली-साताऱ्याकडे प्रेमाने सांगतात, ‘खपली पचायला हलकी, पोरीला चालेल.’ खपली हा गव्हाचाच प्रकार आहे, त्यात ग्लूटेन आहे, आणि सीलिॲकला ती अजिबात चालत नाही.

मालवणात किंवा गोव्यात मासे खाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: सुरमई आणि बोंबील बहुतेक ठिकाणी रव्यात घोळवून तळतात, आणि रवा गव्हाचा. तिखट, हळद, मीठ, आगळ लावून तांदळाच्या पिठात घोळवून द्या म्हटलं तर देतात. पण तेल नवीन हवं आणि तवा घासलेला हवा, हेही स्पष्ट सांगावं लागतं. सोबत भात आणि सोलकढी असली की माझ्या मुलीचं जेवण सगळ्यांच्या बरोबरीने होतं. गोव्यातल्या गोडाचं सांगायचं तर बेबिंकात मैदा असतो, आणि दोदोल तांदळाचं पीठ, गूळ आणि नारळाच्या रसाचा.

जिथे काहीच जमत नाही तिथे आम्ही उपवासाचं मागवतो. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू. यात गहू नाही आणि फोडणीला हिंगही नाही. माझ्या मते आपल्याकडच्या प्रवासात सीलिॲकच्या माणसाला याहून मोठा आधार नाही, कारण उपवासाच्या पदार्थाला पिठाचा हात लागू नये ही काळजी स्वयंपाकी आपणहून घेतो. त्याच्या श्रद्धेमुळे माझ्या मुलीचं आतडं सांभाळलं जातं. फक्त साबुदाणा वड्याच्या बाबतीत जपावं लागतं, कारण ज्या कढईत समोसे तळले त्याच कढईत वडे पडण्याची शक्यता असते.

भाकरीचंही असंच. ज्वारी शुद्ध असली तरी गिरणीत तिच्या आधी गहू दळलेला असतो. म्हणून आम्ही घरी निवडून, धुऊन, वाळवून स्वतंत्र दळलेलं पीठ डब्यात घेऊन निघतो. लहान खानावळीत शिरून थेट चुलीपाशी असलेल्या मावशींना विचारते, ‘मावशी, आमच्या पिठाच्या दोन भाकरी थापून द्याल का? परात आणि तवा तेवढा धुऊन घ्या.’ कारण सांगितलं की त्या नाही म्हणत नाहीत. उलट हात धुतात, पोळ्यांची पिठी लांब सरकवतात आणि पहिली गरम भाकरी पोरीला वाढतात. मोठ्या हॉटेलात वाढणारा तत्परतेने ‘हो मॅडम, ग्लूटेन-फ्री आहे’ म्हणतो, पण रांधणारा आतच राहतो. ज्याच्या हातात झारा आहे त्याच्याशी बोलता आलं तरच मी तिथे मुलीला जेवू घालते. आणि जाते तीही गर्दीच्या वेळेआधी, कारण दुपारी दीड वाजता भरलेल्या हॉटेलात कुणाला तवा घासायला सांगणं त्याच्यावरही अन्याय आहे.

विमानाने जाणाऱ्यांनी तिकीट काढतानाच ग्लूटेन-फ्री जेवणाची नोंद करावी. ऐनवेळी ते मिळत नाही. युरोपीय संघाच्या देशांत 2014 च्या डिसेंबरपासून उपाहारगृहांनाही पदार्थातल्या ग्लूटेनची माहिती गिऱ्हाइकाला द्यावी लागते. आपल्याकडेही दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना अशी माहिती देण्याचा नियम झाला आहे. चांगलं झालं. पण आपण सुट्टीत जेवतो ती घरगुती खानावळ, रस्त्यावरचा ढाबा आणि कोकणातलं एखादं घर यांना तो लागू नाही. तिथे माणुसकीवर आणि माहितीवर भिस्त ठेवावी लागते. माणुसकी मला सगळीकडे भेटली. माहिती अजून पोचायची आहे.

म्हणून हॉटेल आणि खानावळ चालवणाऱ्या बंधुभगिनींना माझी विनंती आहे. कांदा-लसूण नसलेलं जैन जेवण तुम्ही वर्षानुवर्षं बिनचूक देत आला आहात, तेव्हा हेही तुम्हाला अवघड नाही. एक तवा आणि एक कढई गव्हापासून वेगळी ठेवा. हिंग आणताना डबीवरचे घटक वाचा आणि तांदळाच्या पिठाचा हिंग घ्या. आणि कुणी विचारलं, ‘यात गहू आहे का?’ तर खात्री असेल तरच नाही म्हणा. खात्री नसेल तर तसं सांगा. आम्ही भात आणि दही घेऊ आणि तुमचे आभार मानून उठू.