राजधानीचा मातीचा कोट

किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जांभ्या दगडाचा तट आणि बुरूज उभे राहतात. आज मी आपणांस नेणार आहे तो कोट मातीचा. अमेरिकेच्या वॉशिंग्टन शहराच्या उत्तर वेशीवरचा फोर्ट स्टीव्हन्स.

१८६१ साली यादवी युद्ध पेटले आणि राजधानी उघडी पडली. बर्नार्ड नावाच्या स्थापत्य अधिकाऱ्याने शहराभोवती मातीच्या कोटांचे कडे उभारले. युद्ध संपेतो असे ६८ कोट झाले. खंदक खणायचा, तीच माती आत रचायची, पुढे अणकुचीदार फांद्यांची झाडे आडवी टाकायची, झाला कोट! तोफेचा गोळा दगड फोडतो. मातीत तो रुततो.

१८६२ साली हा कोट वाढवताना एलिझाबेथ थॉमस या स्वतंत्र काळ्या स्त्रीचे घर पाडले गेले. ज्यांच्या गुलामगिरीवरून युद्ध चालले होते, त्यांच्यातल्याच एकीचे घर! इतिहास सनावळीपुरता शिकवला की अशी माणसे गळून पडतात.

१८६४ च्या उन्हाळ्यात सरसेनापती ग्रँटने कोटांवरचे कसलेले गोलंदाज आघाडीवर नेले होते. मागे उरले नवखे आणि दुखणाईत शिपाई. तट होते, माणसे नव्हती. नेमका तेव्हाच दक्षिणेचा सेनापती अर्ली चालून आला. ९ जुलैला मोनोकसी नदीवर ल्यू वॉलेसने त्याला अडवले. वॉलेस हरला, पण अर्लीचा एक दिवस खर्ची पडला. परीक्षेत मुले या लढाईपुढे 'पराभव' एवढेच लिहितील. मी त्यांना पुरे गुण देणार नाही.

११ जुलैला दुपारी अर्ली कोटासमोर आला तेव्हा त्याचे सैन्य उन्हाने आणि चालीने गळाले होते. त्याच दिवशी ग्रँटने धाडलेली सहाव्या कोअरची पलटणे बोटींतून शहराच्या धक्क्याला लागत होती. व्हाइट हाऊस तेथून अवघे पाचेक मैल! अध्यक्ष लिंकन स्वतः तटावर चढून पाहत होते. गोळ्या सुटत होत्या, आणि त्यांच्या जवळचा एक शल्यवैद्य जखमी झाला. हट्टच तो, दुसरे काय!

१२ तारखेच्या सायंकाळी बिडवेलच्या तुकडीने बाहेर पडून चढाई केली; तिच्या पलटणींचे सारे प्रमुख पडले वा जखमी झाले. रात्री अर्ली माघारी वळला. पडलेल्यांपैकी चाळीस शिपाई जवळच पुरले आहेत.

कोटाचा थोडा भाग १९३० नंतरच्या दशकात पुन्हा रचला गेला. बाकीच्या मातीवर आज शहराची वस्ती आहे.