रुंद भिंग आणि पन्नास किलोचे पोते



वसंतातल्या ह्या व्याख्यानमालेत राजकारण, अर्थकारण, साहित्य अशा भारदस्त विषयांवर अधिकारी वक्ते बोलत आले आहेत. आज आम्ही बोलणार आहोत ते मुठीत मावणाऱ्या एका भिंगाविषयी. ह्या भिंगाने मार्केट यार्डात आमच्याकडून एक खोटे वदविले आणि एका हमालाने ते पकडले. ती हकीकत आपणांपुढे ठेवावी, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम उपकरणाची ओळख करून देतो. आमचा कॅमेरा फिल्म भरण्याचा, रेंजफाइंडर जातीचा आहे. ह्यात भिंगातून पाहावयाचे नसते. शेजारच्या लहानशा खिडकीतून पाहावयाचे. तेथे वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. त्या एकमेकींवर नेमक्या बसल्या, की अंतर जुळले असे समजावे. भिंग आणि फिल्म ह्यांच्या मध्ये आरसा नसल्यामुळे भिंग फिल्मच्या अगदी निकट नेता येते, आणि म्हणूनच फार रुंद कोनाची भिंगे ह्या कॅमेऱ्यांना चांगली मानवतात. लुडविग बेर्टेले ह्यांनी झाइस कंपनीसाठी रचलेले 21 मिलिमीटरचे बायोगॉन 1954 साली आले. 1958 साली लायकासाठी सुपर-अँग्युलॉन निघाले. 1969 सालच्या झाइसच्या होलोगॉनने 15 मिलिमीटरपर्यंत मजल मारली. त्याचे छिद्र मात्र आठ ह्या आकड्यावर कायमचे बसविलेले होते. आमच्यापाशी आहे तेही 15 मिलिमीटरचेच. जपानच्या कोसिना कंपनीने 1999 साली फोइग्टलेंडर ह्या जुन्या नावाने आणलेले. नेहमीचे 50 मिलिमीटरचे भिंग सुमारे 47 अंशांचा पट्टा पाहते. हे 110 अंशांचा पाहते.

गंमत अशी, की रेंजफाइंडर कॅमेऱ्याला हे भिंग लावले म्हणजे रेंजफाइंडरच निकामी होतो, कारण हे भिंग त्या यंत्रणेला जोडलेलेच नाही. अंतर अदमासाने लावावयाचे. पण घाबरण्याचे कारण नाही. छिद्र आठवर आणि अंतर एक मीटरवर ठेवले, की अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्वच्छ उमटते. पाहण्यासाठी कॅमेऱ्याच्या माथ्यावर निराळी खिडकी बसवावी लागते. ती भिंगाच्या वर असल्यामुळे तिच्यात पुरता दिसणारा जवळच्या माणसाचा फेटा चित्रात छाटला जाऊ शकतो. कॅमेरा वर-खाली कलला, की गाळ्यांचे सरळ खांब दारू प्यायल्यासारखे झुकतात. कडेला उभ्या असलेल्या माणसाचे डोके भोपळ्यासारखे आडवे ताणले जाते. आणि सावध न राहिल्यास स्वतःची बोटे व जोडेही चित्रात येतात.

ही विद्या घेऊन आम्ही गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेलो. पूर्वी नाना पेठ, भवानी पेठ ह्या दाट वस्तीत चालणारा भुसार व्यापार आता येथे आहे. शिवाय कांदा-बटाटा, पालेभाज्या, फळे, फुले. उजाडण्यापूर्वीच ट्रक लागलेले असतात, अडते गाळ्यांवर बसलेले असतात, तोलणार काट्यापाशी आणि हमाल फाळक्यापाशी. एवढा पसारा पाहून नवख्याला वाटते, की रुंद भिंग लावावे आणि सारे एका चित्रात कोंबावे. आम्हीही तेच केले. फिल्म धुऊन पाहतो तो सारे मावले होते, आणि काहीच दिसत नव्हते! कांद्याच्या राशी मोहरीएवढ्या, माणसे मुंग्यांएवढी, आणि निम्मे चित्र रिकाम्या फरशीचे. तेव्हा पहिला धडा मिळाला: हे भिंग दुरून पुष्कळ घेण्यासाठी नसून, जवळ जाऊनही भोवताल न सोडण्यासाठी आहे. ज्याला दूर उभे राहावयाचे आहे, त्याच्या हे कामाचे नाही.

म्हणून आम्ही जवळ गेलो. एका मध्यमवयीन हमालाची परवानगी घेऊन ट्रकवर चढलो. तो फाळक्याला पाठ लावून उभा राहिला, वरच्या गड्याने पोते त्याच्या पाठीवर दिले, आणि त्याने क्षणभर मान वळविली. आम्ही कळ दाबली. पोते आमच्यापासून दीड फुटावर, त्याचा चेहरा तीन-साडेतीन फुटांवर. चित्रात पोते डोंगरासारखे आले, आणि त्याच्या आड एक लहानसा चेहरा. ज्याने पाहिले त्याने वाहवा केली. श्रमाचे केवढे दर्शन, असे लोक म्हणाले, आणि आम्हांसही ते खरे वाटले.

कबूल केल्याप्रमाणे एक प्रत घेऊन आम्ही पुन्हा यार्डात गेलो. त्याने हात पुसून चित्र घेतले, बराच वेळ पाहिले, आणि विचारले, "साहेब, हे पोतं किती किलोचं?"

"पन्नासचं ना, मामा?"

"मग फोटूत क्विंटलाचं कसं झालं? पोतं पन्नासावर आणायला आमच्या मागच्यांनी किती झगडा केला. तुम्ही एका दमात परत शंभरावर नेलं. आन् माझं तोंड बघा, लिंबाएवढं."

आम्हांस उत्तर सुचले नाही. त्याच्या बोलण्यामागे काय होते, हे आपणांस सांगितले पाहिजे. क्विंटलाचे पोते एका माणसाच्या पाठीवर द्यावयाचे, हा एके काळचा रिवाज होता. 1967 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्यासाठी 55 किलोंची मर्यादा सुचविली. 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. पुण्यात डॉ. बाबा आढाव ह्यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायतीने हमालाला संघटित केले. पन्नास हा आकडा त्याच्या दृष्टीने नुसते वजन नव्हे. ती त्याची कमाई आहे. ती आमच्या वाहवा मिळविणाऱ्या चित्राने पुसून टाकली होती.

पण दोष भिंगाचा होता काय? मुळीच नाही. कोणत्या वस्तूच्या मानाने कोणती मोठी दिसावी, हे भिंग ठरवीत नाही. आपण कोठे उभे राहतो, ते ठरविते. पोत्याच्या दुप्पट अंतरावर चेहरा असेल, तर पोते त्याच्या मानाने दुपटीने मोठे उमटणारच. नेहमीचे भिंग लावून दीड फुटावर उभे राहिलो असतो, तरी प्रमाण तेच राहिले असते. फक्त सारे चौकटीत मावले नसते. रुंद भिंगाने आम्हांस तेथे उभे राहण्याची मुभा दिली. जागा निवडली आमची आम्हीच.

आम्ही त्याला पुन्हा विनविले. ह्या वेळी खाली उतरून त्याच्या बाजूला उभे राहिलो, तीन-चार फुटांवर. तो पोते घेऊन वाकलेला, म्हणून आम्हीही वाकलो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर, अगदी सपाट धरला. पोते आणि चेहरा आता आमच्यापासून सारख्या अंतरावर होते, आणि दोन्ही चौकटीच्या मधोमध, जेथे ताण नसतो. कडांना काटा, तोलणार, मागचा ट्रक, गाळ्याचे दार, असे सारे यार्ड आपोआप आले. चित्र पहिल्याइतके दिपविणारे नाही. ह्याची कोणी वाहवा केली नाही. हमालाने मात्र ते पाहून मान डोलावली. "आता पन्नासाचं हाय," तो म्हणाला, आणि प्रत कोपरीच्या खिशात जपून ठेवली.

पहिले चित्र आम्ही आज येथे आणलेले नाही. त्याची निगेटिव्ह फाडलेली नाही, कारण चूक जवळ ठेवावी असे आमचे मत आहे. पण ते यापुढे कोणास दाखवावयाचे नाही, असे ठरविले आहे. बाजारात तोलणाराच्या हाती काटा असतो. त्याने बोट लावले, तर शेतकऱ्याचा माल कमी भरतो, आणि ते बोट कोणाला दिसत नाही. कॅमेरा हाती घेणाऱ्याने आपले बोट कोठे आहे, हे पाहत असावे.